सापसुरळीच्या पायाखाली

१९९२ सालच्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा या गावाजवळ रस्त्यावर एक तपकिरी साप वाहनाखाली येऊन मेला होता. त्याच्या पोटात एक छोटी सापसुरळी निघाली. टिलिक्वा अ‍ॅडलेडेन्सिस, म्हणजेच पिग्मी ब्लूटंग. १९५९ नंतर ही जात कुणाला दिसली नव्हती आणि ती नामशेष झाली असंच धरलं गेलं होतं. त्या परिसरात माग काढल्यावर ती जिवंत सापडली, आणि इतकी वर्षं ती नजरेतून का सुटली हेही उलगडलं. ही सापसुरळी गवताळ माळावर कोळ्यांनी खणलेल्या अरुंद, उभ्या बिळांत राहते. स्वतः बीळ खणत नाही. तोंडाशी डोकं काढून बसते, टप्प्यात नाकतोडा आला की झडप घालते आणि पुन्हा आत सरकते. ज्या माळांवर नांगर फिरला तिथली बिळं मोडली आणि तिथून तीही गेली. पुढे संशोधकांनी भोक पाडलेले लाकडी दांडके जमिनीत उभे पुरून कृत्रिम बिळं करून दिली, तेव्हा तिने तीही आपलीशी केली.

२०२३ पासून ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, त्यामुळे तिला पाळण्याचा प्रश्नच येत नाही. पण तिच्या मोठ्या बहिणी, म्हणजे दीड-दोन फूट लांबीच्या निळ्या जिभेच्या सापसुरळ्या, ऑस्ट्रेलियात, युरोपात आणि अमेरिकेत घरोघरी पाळल्या जातात. शांत स्वभाव, हाताळू देणारं अंग, चांगली निगा राखली तर पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य, आणि भाजीपाल्यापासून गोगलगायीपर्यंत सगळं खाण्याची तयारी. सरपटणारा प्राणी पहिल्यांदाच पाळणाऱ्याला तिची शिफारस होते ती यामुळेच. मग पेटी येते, दिवा येतो, आणि तिसऱ्या क्रमांकावर तो प्रश्न येतो: खाली काय घालायचं? पाळणारे त्या थराला सबस्ट्रेट म्हणतात. दुकानात त्याच्या रंगीत पिशव्या मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक पिशवीवर तो सुरक्षित असल्याचं लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की सुरक्षितपणा पिशवीत मिळत नाही. तीच नारळाची साल एका सापसुरळीला मानवते आणि दुसरीच्या पोटाची कातडी कुजवते. तीच वाळू एकीचं घर असते आणि दुसरीला निरुपयोगी. काही पदार्थ सगळ्यांनाच घातक आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण बाकीच्यांबद्दल आधी विचारायला हवं की ही सापसुरळी कुठल्या मातीतली, तिला ऊब वरून मिळते की खालून, आणि त्या थरातलं पाणी कुठे साठतं.

आपल्याकडच्या वाचकाला सापसुरळी नवी नाही. अंगणातल्या दगडांमागे, गोठ्याच्या कडेला, पालापाचोळ्यात चकाकत्या खवल्यांची, बारीक पायांची ती सर्रकन जाताना सगळ्यांनी पाहिलेली असते. विषारी म्हणून तिला मारतातही, आणि ती विषारी मुळीच नसते. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नावावरून तर युट्रोपिस अलापल्लेन्सिस अशी एक जातच आहे. या रानातल्या सापसुरळ्या पकडून पेटीत घालू नयेत, हे इथे एकदाच आणि ठामपणे सांगतो. परदेशी प्राण्यांबाबतही भारतात कायदा कडक झाला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या राज्याचे परवान्याचे नियम पाहावेत, कारण ते राज्यागणिक वेगळे आहेत.

आता त्या अंगाकडे नीट पाहू. निळ्या जिभेच्या सापसुरळीचं धड लांब आणि जड, पाय मात्र आखूड. त्यामुळे ती चालते तेव्हा पोट जमिनीला लागलेलंच असतं, आणि बसते तेव्हा तर पूर्ण टेकलेलं. दिवसाचे चोवीस तास कातडीचा मोठा भाग त्या थराला चिकटून असणारा हा प्राणी आहे. थर ओला राहिला, त्यात विष्ठा मुरली, की पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग पडतात, मग फोड येतात आणि खवले कुजू लागतात. उलट थर आणि हवा दोन्ही कोरडी राहिली तर कात नीट निघत नाही. धडावरची कात उशिरा का होईना सुटते, पण तिची बोटं बारीक असतात. बोटाभोवती जुन्या कातीचं कडं राहिलं, त्यावर पुढच्या वेळचं दुसरं कडं बसलं, की ते आवळत जातं, रक्त पोचेनासं होतं आणि बोटाचं टोक काळं पडून गळतं. ज्या प्रौढ सापसुरळ्यांची बोटं अपुरी दिसतात, त्यांपैकी अनेकींच्या बाबतीत कारण हेच असतं. म्हणजे ओलं आणि कोरडं या दोन्ही बाजूंना इजा आहे, आणि त्यातली नेमकी जागा प्रत्येक जातीची वेगळी आहे.

डार्विन शहराच्या आसपासची आणि किंबर्लीतली उत्तरेची जात घ्या. डार्विनला वर्षाला १,७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा काही महिन्यांतच, आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं. या जातीला आणि पूर्व किनाऱ्यावरच्या जातीला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. इंडोनेशियाच्या बेटांवरची आणि न्यू गिनीतली टिलिक्वा गिगास मात्र दमट जंगलाच्या कडेची. तिला ६० ते ८० टक्के लागते, हालमाहेरा बेटावरच्या जातीला त्याहून जास्त. आणि शिंगलबॅक नावाची, पाइनच्या फळासारख्या जाड खवल्यांची, आखूड शेपटीची जात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातली. तिच्या पेटीत ४० टक्क्यांच्या वर गेलात तर तिला श्वसनाचे आजार होतात. तिन्ही टिलिक्वाच, तिघींची जीभ निळी किंवा निळसर. दुकानात तिघींना एकच पिशवी विकली जाते.

म्हणून पहिलं काम जात पक्की करणं. विकणाऱ्याने नुसतं ‘ब्लूटंग’ म्हटलं तर मागे लागून उगम विचारावा. इंडोनेशियातून आलेल्या अनेक सापसुरळ्या रानातून पकडलेल्या असतात आणि त्या सोबत जंत आणि माइट घेऊन येतात. हा मुद्दा तळाच्या थराशी थेट जोडलेला आहे, कारण नव्या प्राण्याला पहिले काही आठवडे मातीवर ठेवायचंच नसतं. छपाई नसलेला कागद किंवा पेपर टॉवेल अंथरायचा. त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते, पशुवैद्याकडे तपासायला नेता येते, काळे ठिपक्याएवढे माइट चालताना लगेच डोळ्यांत भरतात, आणि कागद रोज बदलता येतो. जखम झालेली, शस्त्रक्रिया झालेली किंवा नुकतीच जन्मलेली सापसुरळीही कागदावरच बरी. निळ्या जिभेच्या सापसुरळ्या अंडी घालत नाहीत, त्यांना जिवंत पिल्लं होतात, त्यामुळे विणीनंतर पेटीत एकदम दहा-पंधरा पिल्लं असू शकतात आणि स्वच्छता सोपी असणं फार महत्त्वाचं ठरतं. मात्र कागद ही तात्पुरती सोय आहे. जिला जमिनीत घुसून झोपायचं आहे तिला जन्मभर कागदावर ठेवणं मला क्रूर वाटतं. अशी सापसुरळी कोपऱ्यात नाक घासत राहते, कागदाखाली शिरायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तो तिचा खोडकरपणा समजून लोक कागद नीट करून ठेवतात.

माती आणि वाळूचं मिश्रण हा माझ्या मते उत्तरेच्या आणि पूर्वेच्या जातींसाठी सर्वांत चांगला थर. साधारण तीन भाग माती, दोन भाग धुतलेली वाळू. खणलेलं टिकतं, नख्या झिजतात, स्नायूंना काम मिळतं. माती मात्र निवडून घ्यावी लागते. नर्सरीतली कुंडीसाठी तयार केलेली माती नको. तिच्यात शेणखत, कोंबडीखत, पेंड, रासायनिक खत, कधी बुरशीनाशक मिसळलेलं असतं. परदेशातल्या तयार मिश्रणांत पांढरे पर्लाइटचे गोळे आणि व्हर्मिक्युलाइटही असतात, तेही नकोत. कीटकनाशक फवारलेल्या शेतातली माती तर घरात आणूच नये. आपल्याकडची काळी चिकण मातीही टाळावी. ती पाण्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते, आणि बोटांना चिकटून तिथेच कडक होते.

ओल बघायची तर हातात. शेतकरी वाफसा पाहतो तशीच मूठ घट्ट वळायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर ओल बरोबर. बोटांतून पाणी आलं तर जास्त, गोळाच झाला नाही तर कमी. आणि पाणी घालायचं ते वरून फवारून नाही. पेटीच्या कोपऱ्यांत, थंड बाजूला, तळाशी मुरेल असं ओतायचं. खालचा थर ओला राहतो, वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे राहतात, ओल हळूहळू वर येत हवेत मिसळते. सापसुरळीचं पोट कोरड्या पृष्ठावर असतं आणि तिला हवं तेव्हा ती खाली ओलीत शिरते. कात टाकायच्या आधी ती नेमकी तशी शिरताना दिसते. मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, की चांगल्या थरात एकाच पेटीत तीन-चार प्रकारची ओल असते आणि निवड प्राण्यावर सोडलेली असते. आर्द्रतामापक लावावा, तो काट्याचा नको, आकडे दाखवणारा हवा, आणि त्याची तार जमिनीलगत ठेवावी. छताला चिकटवलेला मापक आपल्याला छताची हवा सांगतो.

हे सगळं जमायला खोली लागते. दोन बोटांच्या थरात ना ओलीचे कप्पे होतात ना बीळ. दहा सेंटिमीटर हा किमान आकडा, पंधरा असेल तर उत्तम. पण एक हिशेब आधी करून ठेवा. प्रौढ निळ्या जिभेच्या सापसुरळीला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी लागते. त्यात दहा सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ७४ लिटर, आणि ओलसर माती-वाळू असेल तर तेवढ्याचं वजन नव्वद-शंभर किलो भरतं. साध्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर ही पेटी ठेवायची नसते. काचेच्या पेटीचा तळही तेवढं वजन पेलणारा आहे का, हे माती भरायच्या आधी विचारावं.

वजन नको असेल तर नारळ आहे. काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, ज्याला बागकाम करणारे कोकोपीट म्हणतात, तो आज जगभरच्या पेट्यांत आहे, आणि त्याचा मोठा भाग भारतातून आणि श्रीलंकेतून जातो. तामिळनाडूतलं पोल्लाची हे त्याचं मोठं केंद्र. पाच किलोची दाबलेली वीट पाण्यात टाकली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते, म्हणजे वरच्या पेटीला एक वीट पुरते. कोकणातल्या घरी सोडणांचे ढीग पाहिलेल्या माणसाला या व्यापाराचं अप्रूप वाटेल.

कोकोपीट आपल्या वजनाच्या सात-आठपट पाणी धरतं. इंडोनेशियातल्या जातीला हा गुण, शिंगलबॅकला दोष. बुरशी त्यावर तुलनेने उशिरा येते. पण दोन खबरदाऱ्या घ्याव्याच लागतात. पहिली मिठाची. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील, किंवा झाडच समुद्रकाठचं असेल, तर भुशात क्षार राहतात. कुंड्यांसाठीच्या स्वस्त विटा धुतलेल्या असतीलच असं नाही, म्हणून वीट फुगवल्यावर दोन-तीनदा गोड्या पाण्यात खळबळून, पिळून घ्यावी. दुसरी धुळीची. पूर्ण वाळलेलं कोकोपीट बारीक भुकटी होतं, ती नाकात, डोळ्यांच्या कडांना, तोंडात बसते. सरड्यांच्या कुळात आपल्यासारखं श्वासपटल नसतं, आणि फुफ्फुसात साचलेला चिकट कफ बाहेर टाकणं त्यांना अवघड जातं. धुळीचा त्रास त्यांना आपल्याहून जास्त काळ पुरतो. त्यामुळे नुसतं कोकोपीट घालण्यापेक्षा त्यात सोडणाचे बोटाएवढे तुकडे मिसळावेत आणि वर वाळका पालापाचोळा टाकावा. तुकड्यांमुळे हवा खेळती राहते आणि पृष्ठभाग लवकर वाळतो.

नारळाचा आणखी एक दाखला द्यायलाच हवा. न्यू गिनीत ट्रायबोलोनोटस ग्रॅसिलिस नावाची सापसुरळी आहे. अंगावर काट्यांच्या रांगा, डोळ्यांभोवती नारिंगी कडं, म्हणून तिला क्रोकोडाइल स्किंक म्हणतात. ती दमट जंगलातली, लाजरी, उजेड टाळणारी. पण माणसांनी नारळाच्या बागा लावल्यावर तिथे टाकलेल्या सोडणांच्या ढिगांत ती राहू लागली. आत ओल, गारवा आणि खायला किडे. तिच्यासाठी ओलसर काथ्या-भुसा आणि शेवाळ सुचवतात ते उगीच नव्हे, तिने स्वतः ते निवडलेलं आहे.

अमेरिकेत सायप्रस मल्च म्हणजे सायप्रसच्या लाकडाचा आणि सालीचा चुरा फार वर्षं लोकप्रिय आहे. ओल धरतो, लवकर कुजत नाही, सापसुरळीला मानवतो. हा सायप्रस म्हणजे दलदलीत उगवणारा टॅक्सोडियम. इतर देशांत सायप्रस या नावाने उग्र वासाची वेगळीच झाडं विकली जातात आणि पिशवीत पाइनची भेसळही असते, तेव्हा पिशवीवरची मागची बाजू वाचावी. माझी हरकत मात्र वेगळी आहे. लुइझियानाच्या किनारी दलदलीतली सायप्रसची वनं समुद्राच्या वादळी लाटा अडवतात, आणि ती निव्वळ बागेतल्या मल्चसाठी तोडली जात असल्याबद्दल तिथे मोठी चळवळ झाली. दुसरा पर्याय हाताशी असताना एका प्राण्याच्या सुखासाठी हजारो प्राण्यांची दलदल उजाड करणं मला पटत नाही. नारळाचा भुसा हा तरी उरलेला माल आहे.

कोरड्या प्रदेशातल्या जातींसाठी अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाचे रंध्याने काढलेले छिलके चांगले. हलके, धूळ कमी, वास नाही, शिरून बसायला मऊ. पाणी लागलं की मात्र दोन-तीन दिवसांत बुरशी धरतात, म्हणून पाण्याचं भांडं जड आणि पसरट हवं.

आता घातक पदार्थ. देवदाराच्या जातीचा, विशेषतः ज्याला बाजारात सीडर म्हणतात त्या लाकडाचा भुसा कोणत्याही सापसुरळीखाली घालू नये. त्याचा जो सुवास आपल्याला आवडतो तो उडून जाणाऱ्या तेलांचा असतो आणि बंद पेटीत ती तेलं साचतात. हा संशय जुना आहे आणि त्याचा एक धागा प्रयोगशाळेत सापडतो. इलियट व्हेसेल यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की लाल सीडर आणि पाइन अशा मऊ लाकडांच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढतात. गुंगीच्या औषधाची झोपही त्यांना कमी लागते. भुसा बदलून बीच, बर्च, मेपल अशा कठीण लाकडांचा घातला तर तसं होत नाही. म्हणजे नुसत्या अंथरुणाच्या वासाने शरीराच्या आतलं रसायन हलतं. पाइनचा भुसा भट्टीत वाळवला तर ही तेलं बरीच उडतात, म्हणून त्याबद्दल मतभेद आहेत. सीडरबद्दल ते नाहीत. आपल्याकडे सुताराच्या दुकानातून फुकट भुसा आणायचा मोह होतो. त्यात कोणतं लाकूड, कोणतं प्लायवूड, कोणता डिंक आणि कोणतं वाळवीचं औषध मिसळलं आहे हे सुतारालाही सांगता येत नाही. तो आणू नये.

अक्रोडाच्या कवचांचा चुरा धारदार असतो. पोटात गेला तर आतड्याला ओरखडे पाडतो. मक्याच्या बुरकुंडांचे दाणे पाण्याने फुगतात, मग ते पेटीत फुगोत की पोटात. मांजरांसाठीची ओल लागताच गोळा होणारी माती तर गोळा होण्यासाठीच बनवलेली असते. आणि रंगीत कॅल्शियमची वाळू. ती खाल्ली तरी पचते, वर कॅल्शियमही मिळतं, अशी तिची जाहिरात झाली आणि अजून होते. कॅल्शियम कार्बोनेट जठरातलं आम्ल मारतं, त्यामुळे जितकी जास्त खाल्ली तितकी ती पचणं अवघड होत जातं, आणि ओली झाल्यावर तिचे खडे बनतात. कॅल्शियम कमी असलेला प्राणी ती चवीने खातो, हे तर आणखीच वाईट. आहारातलं कॅल्शियम आहारातच द्यावं.

इथे त्या भीतीकडे येऊ, जिच्यामुळे नवा पाळणारा मातीला हात लावायला घाबरतो. थर पोटात जाऊन आतडं बंद होईल ही ती भीती. असं होतं, आणि त्यात प्राणी दगावतोही. पण दोष बहुतेक वेळा एकट्या मातीचा नसतो. रानातली सापसुरळी जमिनीवरच्या गोगलगायी, पडलेली फळं, किडे खाते आणि त्याबरोबर माती गिळतेच. ती पुढे सरकते, कारण तिचं अंग उन्हाने तापलेलं असतं, तिला पाणी मिळालेलं असतं आणि आतड्याची हालचाल चालू असते. पेटीत ऊन खायच्या जागी दगड ३८ ते ४१ अंश सेल्सियसपर्यंत तापायला हवा. तो ३० वरच राहिला तर पचन मंदावतं, अन्न आतड्यात थांबतं, पाणी कमी पडलेलं असलं तर घट्ट होतं, आणि त्यात आलेली चिमूटभर वाळू मग अडसर बनते. जंत झालेला किंवा खनिजं कमी पडलेला प्राणी तर मुद्दाम माती खातो. अशा वेळी माती काढून कागद घातला की मालकाला काही तरी केल्याचं समाधान मिळतं, पण खरं कारण दिव्यात, पाण्यात किंवा आहारात तसंच राहतं. माझा आग्रह असा की सापसुरळी माती खाताना दिसली तर आधी तापमान मोजावं, तेही पृष्ठभागाचं, मग विष्ठा तपासून घ्यावी.

गिळणं कमी करायचा उपाय साधा आहे. तिचं जेवण फरशीच्या मोठ्या तुकड्यावर किंवा पसरट थाळीत द्यावं. ओलं अन्न ती ओढून खाते, तुकडा बाहेर पडला तर त्याला माती चिकटते. फरशीचा तुकडा एक फुटाचा असेल तर ते जवळजवळ थांबतं, आणि नख्याही झिजतात. अनेक दिवस विष्ठा नाही, पोट ताणलेलं, जोर लावते पण काही येत नाही, मागचे पाय ओढते, असं दिसलं तर घरी तेल पाजत बसू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावं. क्ष-किरणाशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

वाळूवर सरसकट बंदी घालणाऱ्यांनी सहारा आणि अरबस्तानातली सँडफिश पाहावी. स्किंकस स्किंकस. ती वाळूत शिरते ती पोहण्यासाठी. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी वेगवान क्ष-किरण चित्रणाने दाखवलं की वाळूखाली गेल्यावर ती पाय अंगाला चिकटवून घेते आणि नुसतं धड नागमोडी हलवत पुढे जाते. वाळूखाली श्वास घेतानाही तिच्या फुफ्फुसात कण जात नाहीत, कारण नाकातला मार्ग एका ठिकाणी रुंद होतो, तिथे हवेचा वेग पडतो आणि कण ओलसर भिंतीला चिकटतात. या प्राण्याला खोल, बारीक, गोल कणांची कोरडी वाळूच लागते. तिच्याखाली कागद घालणं म्हणजे माशाला ओल्या फडक्यावर ठेवणं. आणि पश्चिम आफ्रिकेतली लालभडक कुशीची फायर स्किंक नेमकी उलट, ती जंगलातल्या भुसभुशीत ओल्या मातीत दिवस काढते, तिला पंधरा सेंटिमीटर थर कमीच पडतो. सॉलोमन बेटांवरची कोरुशिया तर झाडावर राहणारी. तिच्या पेटीत फांद्या आधी आणि तळ नंतर.

उष्णतेबद्दल एक धोका सांगायचा राहतो. पेटीखाली लावायची तापणारी चटई पातळ थराखाली चालते. तिच्यावर दहा-पंधरा सेंटिमीटर माती घातली की उष्णता वर पोचत नाही, खालीच कोंडते. काच तडकते, किंवा सापसुरळी ऊब शोधत खणत जाते आणि तळाशी पोट भाजून घेते. वरून गार वाटल्याने मालक चटई आणखी वाढवतो. खोल थर हवा असेल तर ऊब वरच्या दिव्यानेच द्यावी. निसर्गातही ती वरूनच येते, आणि बीळ हे थंड होण्यासाठी असतं.

काही पाळणारे आता एक पाऊल पुढे गेले आहेत. ते थरात स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडतात, म्हणजे ओल्या दगडाखाली दिसणारे पांढरे सूक्ष्म किडे आणि हात लावला की गोळा होणारे राखाडी जीव. ते विष्ठेचे कण, बुरशी आणि गळालेली कात खातात, आणि माती जिवंत राहते. दमट जातींच्या पेटीत हे सुंदर जमतं. पण निळ्या जिभेची सापसुरळी मोठी आहे, तिची विष्ठाही मोठी असते आणि ती किड्यांवर सोडून चालत नाही. रोज उचलावीच लागते. शिवाय ती आयसोपॉड खातेही. त्यात तिचं काही बिघडत नाही, फक्त किड्यांची भर घालत राहावी लागते. बाहेरून आणलेली पानं आणि लाकूड कीटकनाशक नसलेल्या जागेची असावीत आणि कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये तापवून घ्यावीत. नुसत्या मातीचा थर असेल तर विष्ठेने ओला झालेला भाग रोज काढून तिथे नवी माती घालावी आणि तीन-चार महिन्यांनी सगळा बदलावा. अमोनियाचा वास आला तर तारखेची वाट पाहू नये.

काढलेली माती भाजीच्या वाफ्यात किंवा तुळशीच्या कुंडीत घालायची नाही. निरोगी दिसणाऱ्या सापसुरळीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत असा आरोग्ययंत्रणांचा सल्ला त्यामुळेच आहे. माती पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. फरशीचा तुकडा आणि भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत. त्यांच्यासाठी वेगळी बादली ठेवावी, आणि नंतर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत.